रस्त्याच्या नावावर बिल फाडू नका!

कुंभार पिंपळगाव आणि पंचक्रोशीतल्या समस्त गाडीवाल्यांनो,

नवी गाडी दारात येते. हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, पेढे वाटतो. वर्ष-दीड वर्षात पुढच्या चाकातून खडखड सुरू होते. गतिरोधकावर ठक्क आवाज येतो, स्टेअरिंग एका अंगाला ओढतं, टायर आतल्या बाजूनं खातं. वॉरंटी शिल्लक आहे म्हणून माणूस निर्धास्तपणे जिल्ह्याच्या शोरूमला जातो. तिथला टायवाला पोरगा गाडीखाली वाकूनसुद्धा न बघता सांगतो, "काका, तुमच्याकडचे रोडच तसले. सस्पेन्शन वॉरंटीत बसत नाही."

हे पत्रक त्या एका वाक्याविरुद्ध काढलं आहे.

रोड तसले आहेत, नाही कोण म्हणतो? उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात आणि डांबराच्या कडा खचतात. घनसावंगीला जा नाहीतर जांब समर्थला, गाडी सरळ चालवणारा माणूस दारू प्यायलेला वाटावा इतके खड्डे चुकवावे लागतात. त्याबद्दल बांधकाम खात्याला जे सुनवायचं ते वेगळ्या पत्रकात सुनवू. पण गाडी विकताना हा रस्ता कुठे गेला होता? बुकिंगच्या फॉर्मवर मुक्काम पोस्ट कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी असंच लिहिलं होतं. आधारची झेरॉक्स त्यांनीच घेतली. जाहिरातीत हीच गाडी दगडगोट्यांतून आणि नदीच्या पात्रातून उड्या मारत जाते. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सेल्समननं तोंडपाठ म्हणून दाखवला होता. पैसे भरेपर्यंत गाडी कसल्याही रस्त्याची, आणि पार्ट बदलून मागितला की रस्ता वाईट!

खराब रस्ता हे कारण असू शकतं. पण ते सिद्ध व्हावं लागतं, आणि ते काउंटरवर बसून होत नाही.

शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी आणि तिच्यात खालीवर होणारा दांडा. दांड्याभोवती सील असतं. सील गेलं की तेल झिरपतं, त्यावर धूळ बसते आणि नळीवर काळा चिकट थर चढतो. फडक्यानं पुसा, दोन दिवसांनी पुन्हा बघा, परत ओलं असेल तर सील गेलेलं आहे. आता गाडी खड्ड्यात जोरात आदळली असेल तर तिच्या खुणाही राहतात: दांडा वाकतो, रिमला पोचा पडतो, लोअर आर्म मुरगळतो, टायरला फुगा येतो. यातलं काहीच नाही, नळीवर ओरखडा नाही, रिम गोल आहे, आणि तरी तेल गळतंय किंवा कमी किलोमीटरमध्ये बॉल जॉइंट ढिला पडलाय, तर "रोडमुळे" हे उत्तर पुरेसं नाही. रॅम्पवर गाडी चढवा आणि खूण दाखवा, असं सांगायचा आपल्याला हक्क आहे. चांगला फिटर दोन मिनिटांत दाखवतो. अडचण फिटरची नसतेच, त्याला गिऱ्हाइकाशी बोलूच देत नाहीत.

खरी मेख जॉब कार्डात आहे. गाडी टाकताना आपण म्हणतो, "पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतो, टायर खातंय." माझ्या कार्डावर 'कस्टमर व्हॉइस'च्या रकान्यात काय लिहिलं? 'जनरल चेकअप'. खाली सहीची जागा. गाडी घेताना दुसरा कागद पुढे आला, काम समाधानकारक झाल्याचा. त्यावर सही झाल्याशिवाय गेटपास नाही. संध्याकाळी फोन, "सर, कंपनीचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या." म्हणजे उद्या भांडायला उभं राहिलो तर कंपनीच्या दप्तरी तक्रारच नाही. उलट खूश गिऱ्हाइकाचे दहा गुण आहेत!

म्हणून माझं सांगणं एवढंच: तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. तक्रार आपल्या शब्दांत, चाकासकट, किलोमीटरसकट कार्डावर लिहून घ्या, मगच सही करा. वॉरंटीत बसत नसेल तर कुठल्या कलमानं बसत नाही, ते लिहून मागा. वॉरंटीची पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात पडलेली असते, ती बाहेर काढा. बऱ्याच पुस्तिकांत ब्रेक पॅड, वायपर, बल्ब यांच्यासारख्या झिजणाऱ्या वस्तू वगळलेल्या असतात, काहींत रबरी बुशही वगळलेले असतात. बुश वगळला म्हणून शॉकअप आपोआप वगळला जात नाही. लिहून देत नसतील तर त्यांच्या समोरच कंपनीच्या ईमेलवर पाठवा: अमुक तारखेला अमुक तक्रार केली, तोंडी नकार दिला, लेखी कारण द्यावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरली आहे. पदरचे पैसे भरून पार्ट बदलायची वेळ आलीच, तर जुना पार्ट पोत्यात घालून घरी आणा. पुरावा भंगारात देऊ नका.

शोरूमवाले आणखी एक गोड वाट दाखवतात. "काका, इन्शुरन्समध्ये टाकू, तुमचा खर्च वाचेल." विमा अपघाताचा असतो, यांत्रिक बिघाडाचा आणि झिजेचा नाही. म्हणजे न झालेला अपघात आपण आपल्या सहीनं लिहून द्यायचा, नो क्लेम बोनस आपला जाणार, आणि वॉरंटीचा प्रश्न कायमचा मिटणार, कारण गाडी आदळली होती हे आपणच कबूल केलेलं! या वाटेला जाऊ नका.

मग धमकी येते: "बाहेरच्या मिस्त्रीनं हात लावलाय, वॉरंटी खलास." भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ मुठीत ठेवल्याबद्दल. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लावू नका, बाहेरच्या चुकीच्या कामानंच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरतं बोला, असं आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाची लढाई लांबली. पण आपल्या चौकातल्या मिस्त्रीनं चाकाची हवा तपासली म्हणून शॉकअपची वॉरंटी जाते, असं सांगणाऱ्याला हा आदेश वाचायला द्यावा.

आता आपल्याच माणसांना दोन शब्द. पाच जणांच्या गाडीत नऊ वऱ्हाडी आणि डिकीत ज्वारीचं पोतं घालून नेलं असेल, गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवले असतील, मोठे टायर चढवले असतील, तर डीलरचा नकार बरोबर असू शकतो. फ्री सर्व्हिसिंग चुकवलं असेल तर केस लंगडी होते. आणि एका शॉकअपसाठी नवी गाडी मागू नका. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायची हमी असते, अख्खी गाडी बदलायची नव्हे. जास्त मागून हसं होतं, आणि मुद्द्याचं मागणंही वाहून जातं.

डीलर कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी डीलरकडे. यावर गोव्याचं प्रकरण ध्यानात ठेवा. तिथल्या एका ग्राहकानं २०११ साली टाटा इंडिगो घेतली. डीलरनं माथी मारली ती २००९ साली बनलेली, आधीच वापरलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनी सुटली. डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवता आलं नाही, आणि दोघांतला व्यवहार मालक-नोकराचा नव्हे, तर दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा होता, असं न्यायालयानं धरलं. तेव्हा तक्रार दोघांवर करा, पण कंपनीनं काय केलं आणि काय केलं नाही, ते वेगळं मांडा. वर सांगितलेला ईमेल इथे कामाला येतो. कंपनीला कळवलं होतं, हे तोच सांगतो.

"कोर्टकचेरी कोण करणार?" हा आपल्याकडचा पेटंट प्रश्न. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. आज २०१९ चा कायदा आहे आणि तो आपल्या सोयीचा आहे. पोरानं गाडी पुण्यात नाहीतर संभाजीनगरात घेतली असली, तरी तो इथे राहत असेल तर तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतून नोंद करा. अनेकदा कंपनीचा फोन तेवढ्यानंच येतो. पोट भरण्यासाठी स्वतःच जीप चालवणाऱ्यालाही कायदा ग्राहकच मानतो, त्यामुळे प्रवासी गाडीवाल्यांनी मागे राहू नये. दोष डोळ्यांना दिसत नसेल तर तपासणीची मागणी तक्रारीतच करा. फियाटच्या एका गाडीतल्या आवाजावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं हाच मार्ग धरला होता: स्वतंत्र तज्ज्ञाला उत्पादनातला दोष सापडला, तर ग्राहकाला पैसे परत.

डीलर मंडळींकडेही मागणं आहे, आणि ते फार नाही. तक्रार आम्ही सांगतो तशी लिहा. जॉब कार्डाची प्रत गाडी टाकतानाच द्या. गाडी रॅम्पवर असताना मालकाला खाली येऊन बघू द्या. नकार द्यायचा तर कलम घालून, सही-शिक्क्यानिशी द्या. ज्यांचं म्हणणं खरं आहे त्यांना यात अडचण काय?

ज्यांचं भांडण जुनं आहे त्यांनी आज एक काम करावं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जावं लागतं. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं आणि ते मान्य होईलच असं नाही. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" हे वाक्य ही मुदत थांबवत नाही. जॉब कार्डं काढा, पहिल्या नकाराची तारीख शोधा आणि कॅलेंडर बघा.

— एक गाडीवाला, कुंभार पिंपळगाव