गुरुत्वाकर्षणाच्या ढालीखाली शहर वाचेल काय?

१/ विज्ञानकथेतील शहरावर शत्रूची क्षेपणास्त्रे झेपावतात, कोणी शास्त्रज्ञ कळ दाबतो, आणि गुरुत्वाकर्षण अडवणारी अदृश्य ढाल उभी राहते. ही ढाल अशक्यप्राय आहे, असे सांगून बहुतेक जण थांबतात. तिचा खरा दोष त्याहून मोठा आहे: ती मिळाली, तरी शहर वाचणार नाही.

२/ या कल्पनेला लोकप्रियता दिली एच. जी. वेल्स यांनी. १९०१ च्या ‘द फर्स्ट मेन इन द मून’ या कादंबरीत केव्होर नावाचा संशोधक गुरुत्वाकर्षण अडवणारे ‘केव्होराइट’ तयार करतो. ज्यूल व्हर्न यांना ते रुचले नाही. त्यांनी १८६५ मध्ये आपले प्रवासी तोफेतून चंद्राकडे धाडले होते. निदान तोफ आणि दारू तरी जगात होती, हा त्यांचा मुद्दा.

३/ वेल्स यांच्या कथेत केव्होराइटचा पहिला पत्रा तयार होताच त्याच्यावरची हवा वजनहीन होते, भोवतालची हवा तिला वर रेटते, आणि झंझावात केव्होरचेच घर उद्ध्वस्त करतो. हे तर्काला धरून आहे. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन हवेचा भार असतो. शहरावरचा तो भार एकाएकी नाहीसा झाला, तर शत्रूला काही करावेच लागणार नाही.

४/ आता क्षेपणास्त्राचा हिशेब. आंतरखंडीय क्षेपणास्त्रावरील अण्वस्त्र वातावरणात शिरते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर असतो. १० सेकंदांत गुरुत्वाकर्षण त्या वेगात फार तर सेकंदाला १०० मीटरची भर घालते. ढाल तेवढीच भर रोखेल. वजन गेले, तरी जडत्व कायम राहते. १० सेकंदांत नेम चुकला, तर अर्ध्या किलोमीटरने. अण्वस्त्राला त्याचे सोयरसुतक नसते.

५/ ऊर्जेचा नियमही आडवा येतो. १ किलो वस्तू पृथ्वीच्या ओढीतून पूर्णपणे सोडवण्यास जवळजवळ १५ किलो टीएनटीच्या स्फोटाइतकी ऊर्जा लागते. ढालीवर वजन शून्य होत असेल, तर ती वस्तू ढालीच्या कडेवरून आत सरकवतानाच तेवढी किंमत मोजावी लागेल. नाहीतर अर्धे चाक ढालीवर ठेवून फुकट ऊर्जा निर्माण करता आली असती.

६/ विजेला अडवणारा पिंजरा फॅरडे यांनी १८३६ मध्ये करून दाखवला. मग गुरुत्वाकर्षणाला का नाही? विद्युतभार दोन प्रकारचे असतात, ते एकमेकांचा परिणाम पुसतात. ऋण वस्तुमान मात्र कुठेही आढळलेले नाही.

७/ तरीही शोध थांबला नाही. १९९२ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे येवगेनी पोडक्लेत्नोव्ह यांनी फिरत्या अतिवाहक चकतीवर वस्तूंचे वजन किंचित घटल्याचा दावा केला. अधिक संवेदनशील उपकरणांनी केलेल्या स्वतंत्र प्रयोगात तो परिणाम दिसला नाही.

८/ अमेरिकेतील उद्योजक रॉजर बॅबसन यांची बहीण लहानपणी बुडाली होती; त्या मृत्यूचा दोष त्यांनी गुरुत्वाकर्षणाला दिला. त्यांच्या संस्थेने १९४९ पासून निबंधस्पर्धा घेतली, ती गुरुत्वरोधक शोधण्याच्या आशेने. पुढे स्पर्धेची व्याप्ती वाढली, आणि १९७१ मध्ये तिचे पहिले पारितोषिक स्टीफन हॉकिंग यांना मिळाले. ढाल हाती आली नाही. गुरुत्वाकर्षण समजून घेण्याला मात्र बळ मिळाले.

९/ युद्धनीतीनेही ढालीचे स्वप्न पाहिले. १९७२ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर कराराने मर्यादा घातल्या. एकाची ढाल दुसऱ्याला अधिक क्षेपणास्त्रे बनवायला लावते, ही त्यामागची समज. १९८३ मध्ये रेगन यांनी अवकाशातील संरक्षणाची घोषणा केली. २००२ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली.

१०/ बॅबसन यांनी संस्थेसाठी न्यू हॅम्पशायरमधले न्यू बोस्टन हे गाव निवडले, कारण ते मोठ्या शहरांपासून दूर आणि अणुयुद्धात सुरक्षित राहील असा त्यांचा कयास होता. गुरुत्वरोधकावर पैसा लावणाऱ्याने स्वतःच्या रक्षणासाठी अंतरावर भिस्त ठेवली. कोट्यवधींच्या महानगरांना तशी पळवाट नाही. म्हणून डोक्यावर येणारी अस्त्रेच कमी करणारा रटाळ, रेंगाळणारा करार त्यांच्यासाठी कोणत्याही केव्होराइटहून अधिक मोलाचा आहे.