शनिवारचा घाणा

हातखंब्याच्या तिठ्यावर एस.टी.तून उतरलं की मला अजून 1994 च्या मार्चअखेरची पहाट आठवते. आई अत्यवस्थ असल्याचा फोन शाखेत आला तेव्हा वार्षिक हिशेब बंद व्हायचे होते. 'एवढी बेरीज जुळवतो आणि निघतो,' असं मी म्हणालो. बेरीज पैशापर्यंत जुळली. तिठ्यावर घ्यायला आलेल्या थोरल्या भावाने काही न बोलता माझी बॅग हातात घेतली, तेव्हा काय ते समजलो.

त्याआधी काही वर्षं मी अलिबागला होतो. आमचे हेडकॅशियर बेने इस्रायली. इस्रायल आळीतल्या 1848 सालच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये मला पहिल्यांदा नेलं ते त्यांनीच. पूर्वजांचं तारू नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांच्या समाजातली परंपरागत कथा. पोथ्या समुद्राने नेल्या. उरलं ते 'शमा'ची प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवारची विश्रांती. तेल गाळून पोट भरणारी ही माणसं त्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. तोरा तर बैलालाही त्या दिवशी विसावा द्यायला सांगते.

नोकरीपायी शनिवारी अर्धा दिवस यावं लागे, याची आमच्या हेडकॅशियरना खंत होती. मात्र शुक्रवारी दिवेलागणीनंतर कुणाचीही बेरीज चुकली तरी ते थांबत नसत. मला तो हट्ट वाटे. एकदा म्हणाले, "साहेब, काम संपल्यावर थांबू म्हणणारा माणूस कधी थांबत नाही. काम अर्धं टाकून उठता आलं पाहिजे."

जीवन हा प्रवास आहे, हे वाक्य आपण लग्नापासून शोकसभेपर्यंत ऐकतो. (मीही दोन कादंबऱ्यांत लिहिलं आहे!) पण वाटेत थांबण्याविषयी, मागे वळण्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. पश्चात्तापाला हिब्रूत 'तेशुवा' म्हणतात. त्याचा मूळ अर्थच परतणं. 12 व्या शतकातल्या मायमोनिडीसने त्याची कसोटी सांगितली आहे : तीच वेळ पुन्हा यावी, तीच चूक करण्याची संधी आणि ताकद अंगात असावी, आणि तरी माणसाने ती करू नये. मला ही हिशेबाची भाषा कळते. अडचण एवढीच, की माझी आई पुन्हा आजारी पडणार नव्हती.

गेल्या पावसाळ्यात भावाचा फोन आला. "थोडा दम लागतो. सवडीने ये." टेबलावर कादंबरीची शेवटची मुद्रितं होती, दुसऱ्या दिवशी प्रकाशकाकडे जायची. चाळीसेक पानं राहिली होती. ती तशीच ठेवून रात्रीची गाडी धरली.

या वेळी तिठ्यावर घ्यायला कुणी नव्हतं. घरी पोचलो तर भाऊ ओटीवर बसून पेज पीत होता. मला बघून म्हणाला, "एवढी कसली घाई होती रे?"