भरल्या बशीपुढे उपाशी

‘वय झालं आता त्याचं.’ घरातले बारा-तेरा वर्षांचे मांजर खाईनासे झाले, कोपरा धरून बसू लागले, की हे वाक्य ठरलेले. तेवढ्यावर विषय मिटतो आणि मांजर मुकाट्याने झिजत राहते. म्हणून ठणकावून सांगायला हवे: म्हातारपण हा आजार नव्हे आणि निव्वळ वयामुळे मांजर अन्न टाकत नाही. त्याने अन्न टाकले असेल तर त्यामागे दुखणे आहे आणि पुष्कळदा ते तोंडातच असते.

मांजर कण्हत नाही. शिकार करणारा आणि स्वतःही कुणाची शिकार होऊ शकणारा हा जीव आपली दुर्बलता दाखवत नाही. ती दिसते जेवणाच्या वेळी. बशीचा आवाज ऐकताच मांजर धावत येते, म्हणजे भूक शाबूत आहे. मासळीचा तुकडा उचलते, मान एका अंगाला कलती करून चावू पाहते, मध्येच डोके झटकून तुकडा टाकते, पंजाने गाल घासते आणि बशीकडे पाठ फिरवते. आपण त्याला नखरे म्हणतो. हनुवटी लाळेने ओली राहणे, लाळेत रक्ताची छटा, कोरडे खाणे सोडून नुसता रस्सा चाटणे, न चाटल्यामुळे पाठीवर धरलेल्या केसांच्या गाठी, तोंडाचा उग्र दर्प, ही सारी त्याच दुखण्याची लक्षणे आहेत.

कारणे अनेक आहेत. हिरड्या सुजून दात हलू लागतात. मांजरांत दात मुळापासून विरघळत जाण्याचा विकार सर्रास आढळतो. तो बराचसा हिरडीखाली असल्याने एक्स-रेशिवाय त्याचा पुरता अंदाज येत नाही. मूत्रपिंडे थकली की तोंडात व्रण पडतात. सर्वांत घातक म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमा, मांजरांच्या तोंडात सर्वाधिक आढळणारा कर्करोग. तो जिभेखाली किंवा जबड्यात वाढतो आणि गाठ बाहेरून दिसेपर्यंत उपचारांचे बहुतेक मार्ग बंद झालेले असतात.

दिरंगाईचा धोका आणखीही आहे. अंगाने जाड मांजर काही दिवस उपाशी राहिले, तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. आणि ‘दुखतंय बिचाऱ्याला’ म्हणून घरातली पॅरासिटामॉल देणे म्हणजे विष देणेच. ते औषध पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते. एका गोळीनेही जीव जातो. माणसांचे कोणतेही वेदनाशामक मांजराला देऊ नये.

‘या वयात भूल कशी सोसेल?’ ही भीती रास्त आहे. पण आधी रक्त तपासून, बेतशीर भूल देऊन म्हाताऱ्या मांजरांचेही दात काढता येतात. जखम भरली की दात नसलेले मांजरही मऊ अन्न पोटभर खाते. रोज सडक्या दाढेने चावण्याची यातना मात्र कधीच संपत नाही.

पशुवैद्यकांनीही लसीकरणाला आलेल्या प्रत्येक मांजराचे तोंड उघडून पाहावे. दातांच्या एक्स-रेची सोय अजून सगळीकडे पोहोचलेली नाही. ती मोठ्या शहरांबाहेरही व्हायला हवी.

मांजर पाळणाऱ्यांना मात्र आजच सुरुवात करता येईल. दरमहा वजन करा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम घटले, तर शरीराचा दहावा हिस्सा गेला. ओठ हळूच वर करून हिरड्या पाहा. ते खाताना मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. दहा वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करा. आणि मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर उद्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.