कुणाला काही झालं नाही ना?

परवा मुंबईहून सिंगापूरला परतताना चांगीवर पावसाने गाठलं. चाकं टेकणार तोच वैमानिकाने विमान पुन्हा वर उचललं, एक मोठी फेरी मारली आणि वीसेक मिनिटांनी शांतपणे उतरवलं. मागच्या रांगेतल्या काकांचं मत : "नवशिका दिसतोय. आपला पायलट असता तर पहिल्याच फटक्यात उतरवलं असतं!" आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

माझं भांडण या कौतुकाशीच आहे.

१ जुलै २०१९ ला जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं बोईंग ७३७ मुंबईत धो धो पावसात उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. पुढे चिखलात रुतलं. कुणाला इजा नाही. त्या आठवड्यात मला घरून जेवढे फोन आले ते सगळे मुख्य धावपट्टी बंद, विमानं रद्द, अमक्याचं कनेक्शन हुकलं, याबद्दल. विमान थांबलं का नाही, हे एकानेही विचारलं नाही.

अहो, अपघात तोच असतो. धावपट्टीपुढे काय आहे, हा नशिबाचा भाग. मुंबईत चिखल होता. ८ डिसेंबर २००५ ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फाळ धावपट्टीवरून साउथवेस्टचं ७३७ असंच पुढे गेलं. तिथे रस्ता होता. मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला उतार होता. २१ माणसं गेली.

कोळिकोडचा चौकशी अहवाल जमल्यास वाचाच. पाऊस, पाठीमागून वारा, आणि साधारण ८,८५० फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती निम्म्यावर. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटलं होतं, म्हणजे आमच्या चांगीच्या वैमानिकाने केलं तेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानासाठी तिथेच उतरण्याची ओढही अहवालात नोंदलेली आहे. वैमानिक गेला, त्याला शिव्या घालणं सोपं. कॅप्टन अपुरे असतील तर तो दोष एकट्याचा कसा? अहवालही यंत्रणेला सोडत नाही.

(थोडं गणित, सवय जात नाही. टायरात साधारण २०० पीएसआय हवा असेल, तर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे २३५ किमीच्या वर टायर पाण्यावर तरंगू शकतो. हे विमान उतरतं अडीचशेच्या आसपास. तिथे 'हात बसलेला' पायलट काय करणार?)

मिडवेनंतर अमेरिकेत बर्फ-पाण्याप्रमाणे धावपट्टीला ० ते ६ गुण द्यायची पद्धत बसवली गेली. नोव्हेंबर २०२१ पासून ती आंतरराष्ट्रीय नियमांतही आली. आपल्याकडे प्रवासी मात्र वैमानिकाला अजून पहिल्याच फटक्याचे गुण देतात.

उतरताना कॅप्टन दारात उभा होता. मी थँक्यू म्हटलं. काका घड्याळ बघत पुढे गेले.