चिंटूला कमी लेखू नका

पालकहो, चित्रमालिकेवरून काढलेला चित्रपट म्हणजे पोरखेळ, हे मत मला मान्य नाही. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून घराघरांत शिरला, २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याला पडद्यावर आणले. त्याच्या अंगी अतिमानवी शक्ती नाही. हिरावलेले मैदान परत मिळवायला त्याला सवंगडीच हवेत. सुटीतल्या शिबिरांत आपण मात्र उडणारे महानायक दाखवतो. एका ठोशाने अन्याय संपतो, ही शिकवण मुलांना स्वस्थ बसवते. प्रभूने शिष्यांमध्ये उभे केले ते बालक होते, महाबली नव्हे. बाबूराव पेंटरांच्या या कोल्हापुरात तरी धर्मशिक्षणाच्या वर्गाला ‘चिंटू’ दाखवा आणि विचारा, ‘आपले हिरावलेले मैदान कोणते?’