मोबाइलवरील नोंद आणि शेतकऱ्याची सोय

गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याचे पुष्कळसे सरकारी काम मोबाइलवर आले आहे. सात-बाराच्या उताऱ्यातील पिकांची नोंद, म्हणजे गाव नमुना बारा, पूर्वी तलाठी भरीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी शेतात उभा राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन ही नोंद स्वतः करू लागला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि अशी ॲप तयार करताना ती कोणकोण वापरणार, याचा विचार प्रथम झाला पाहिजे. तिफण करणारा सुतारही आधी जमीन आणि बैलजोडी पाहून घेतो.

साधी मापाची गोष्ट घ्या. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. सरकारी दप्तर हेक्टर-आर मध्ये आहे. दीड एकर म्हणजे साठ गुंठे, सुमारे ०.६१ हेक्टर. हेक्टरच्या रकान्यात शेतकऱ्याने सवयीने १.५ लिहिले, तर कागदोपत्री त्याचे पीक पावणेचार एकरांच्या आसपास जाते. हा त्याचा अडाणीपणा नव्हे. त्याच्या मापात विचारून हिशेब यंत्राने करावा, हेच योग्य होय.

दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. एका योजनेचा अर्ज भरण्यासाठी एक वृद्ध विधवा भगिनी माझ्याकडे आल्या. कागदपत्रे सारी ठीक होती. परंतु नोंदविलेला मोबाइल पुण्यास कारखान्यात काम करणाऱ्या मुलाजवळ होता. ओटीपी त्याच्याकडे जाई आणि त्याने तो कळवीपर्यंत मुदत संपे. तीनदा असे झाले, आणि प्रत्येक वेळी अर्ज पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरावा लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "राहू द्या साहेब, माझी एसटी चुकेल." त्या वर्षी त्या लाभास मुकल्या. मी कृषी पदवीधर, समोर बसलेलो. पण मलाही मार्ग काढता आला नाही. स्वतःचा फोन हाती असलेला मनुष्यच अर्ज भरील, असे त्या रचनेने गृहीत धरले होते.

तिसरा वापर करणारा म्हणजे नोंदी तपासणारा गावपातळीवरील कर्मचारी. शेतकरी हे काम हंगामात एकदाच करतो. म्हणून त्यास प्रत्येक पायरी समजावून सांगितली पाहिजे. कर्मचारी तेच काम दिवसभर करतो. त्यास ती समजावणी अडथळाच वाटते. त्याला हवी असते गावाची एक यादी, आणि तीत संशयास्पद नोंदी सर्वांत वर. नोंद एकच असली तरी तिच्याकडे जाण्याची वाट प्रत्येकासाठी निराळी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे अशक्य नाही. सन २०२२ मध्ये ई-पीक पाहणीच्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्यास आपली नोंद ४८ तासांत स्वतः दुरुस्त करण्याची सोय झाली. मिश्र पिकांत मुख्य पिकाबरोबर दुय्यम पिके नोंदविण्याची व्यवस्थाही आली. सोयाबीनमध्ये तूर घेणाऱ्यास या सुधारणेचे मोल निराळे सांगावयास नको.

याच दिशेने आणखी काही करता येईल. भरलेला मजकूर जपला जावा, म्हणजे मध्येच अडल्यास आरंभापासून भरावे लागणार नाही. शिवारात नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये राहावी व मागाहून जावी. मदतनिसासाठी खातेदाराच्या संमतीने स्वतंत्र मार्ग असावा, आणि नोंद कोणी भरली हे तीत दिसावे. शेवटी सर्व माहिती सोप्या मराठीत ऐकविली जावी, म्हणजे ज्यास वाचता येत नाही त्यासही चूक ध्यानात येईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ॲपची परीक्षा कचेरीत न होता बांधावर व्हावी. तरुण, वृद्ध, स्त्रिया, अल्पभूधारक अशा निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या हाती फोन द्यावा, काही न सुचविता शेजारी उभे राहावे, आणि बोट कोठे अडखळते ते टिपून घ्यावे. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई यांच्या वेळी पिकाची नोंद पाहिली जाते. तेव्हा ते अडलेले बोट म्हणजे एखाद्या कुटुंबाचे बुडालेले पैसे असू शकतात. शेतकरी बंधुभगिनींनीही आपल्या अडचणी मुकाट्याने न सोसता आपल्या कृषी कार्यालयास लेखी कळवाव्यात. त्यांच्या सूचनांवाचून ही साधने सुधारणार नाहीत.