तुला काय कळतंय?

परवा आमच्या दापोडीत महिला मंडळाची बैठक होती. एका भगिनीस दोन शब्द बोलण्यास सांगितले. तिने आधी दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले आणि "मला नाही जमत" म्हणून खाली बसली. रेशन, मुलांची फी, भिशीचा हिशेब, सारे हीच बाई बघते. तिथे बरे जमते!

आम्हाला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवल्या. किराणा दुकान सांभाळता सांभाळता त्या आत्मकथा लिहीत. पण नवऱ्याच्या धाकाने वह्या जवळपास वीस वर्षे लपवून ठेवल्या. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी आस्थेने विचारले, तेव्हा ते लिखाण बाहेर आले. १९८२ साली 'स्त्री' मासिकात छापले गेले, १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. अक्कल होती, भाषा होती. विचारणारे माणूस तेवढे उशिरा भेटले.

बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, दासी नव्हे, असे बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. हे आम्ही भाषणांतून कितीदा सांगितले असेल!

आणि घरी? मुलीने पुढे काय शिकावे, यावर आमच्या मंडळी बोलू लागल्या की आम्ही म्हणायचो, "तुला काय कळतंय?" बी.कॉम. आम्हीच ना!

त्या रात्री कॉलेजचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि मत विचारले. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "खरंच विचारताय का?"